धागा: कंट्रोल लाइन विमानासाठी इंजिन कोणतं घ्यावं?

उडती_दोरी
शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होतो. तेव्हा कंट्रोल लाइनचं विमान चार-पाचदा उडवायला मिळालं होतं. दोन पोलादी तारा, हातात हँडल, आणि मध्ये उभं राहून विमानासोबत गोल फिरायचं. इंजिन सर सुरू करून द्यायचे, आम्ही फक्त उडवायचो. पण त्या तारांची ओढ आजही हातात आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा, दोघांनी मिळून एक विमान बांधायला घेतलं. परवा ते पुरं झालं.

बाल्साचं आहे, सपाट अंगाचं प्रोफाइल मॉडेल. पंख ४० इंच लांब आणि ९ इंच रुंद, म्हणजे ३६० चौरस इंच. इंजिन आणि टाकी सोडून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ४९० ग्रॅम भरलं. इंजिनासाठी नाकात जागा ठेवली आहे, पण बेअररच्या पट्ट्यांना भोकं पाडलेली नाहीत, कारण इंजिनच ठरत नाही.

समोर चार पर्याय आहेत. शहरातल्या एका दुकानात .४६चं बॉल बेअरिंगचं रेडिओ कंट्रोल इंजिन आहे. दुकानदार म्हणतो मोठंच घ्या, ताकद कमी पडायला नको. ऑफिसातल्या एकाच्या भावाकडे ओएस कंपनीचं .२५ एलए हे इंजिन पडून आहे. दहा वर्षं डब्यात होतं, पूर्ण जाम झालंय, पुढचा पंखा (प्रोपेलर) फिरतच नाही. घेऊन जा म्हणतो. तिसरं म्हणजे मामांच्या कपाटातलं २.५ सीसीचं डिझेल, त्यांनी कधीकाळी कोलकात्याहून आणलेलं. आणि चौथा पर्याय मुलाचा: बॅटरीवरची मोटर.

जागा हिंगणा रोडकडे मिळाली आहे, ओळखीच्यांचं मोकळं मैदान आहे. तुम्ही कोणतं घ्याल आणि का, ते सविस्तर सांगा. घाई नाही, पण चुकीचं इंजिन लावून पोराच्या हातचं पहिलंच विमान मोडायला नको.

---

रेशीमबाग_मुक्काम
शनिवार, रात्री ११:५५

आधी विमान पुरं केल्याबद्दल पोराला शाबासकी सांगा. आजकाल एवढं बसून कोणी बांधत नाही.

आता मुद्द्यावर येतो. .४६ घेऊ नका. इंजिन वाईट आहे म्हणून नाही, तुमच्या विमानाला ते नको म्हणून.

हे आकडे घन इंचाचे असतात. .१५ म्हणजे साधारण २.५ सीसी, .२५ म्हणजे ४, .३५ म्हणजे पावणेसहाच्या आसपास आणि .४६ म्हणजे साडेसात. .४६ला साडेपाचशे-सहाशे चौरस इंचांचा पंख लागतो. तुमच्या ३६०च्या पंखावर ते बसवलं तर नाक जड होईल, मग शेपटीत शिसं भराल, आणि लहान इंजिन-टाकी धरून ८०० ग्रॅमचं होणारं विमान हजाराच्या वर जाईल. वजन वाढलं की उतरण्याचा वेग वाढतो, वळण मोठं होतं.

खरी गोष्ट हाताला येणाऱ्या ओढीची आहे. वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले तारेची लांबी, एवढा साधा हिशोब. १६ मीटरच्या तारेवर ८०० ग्रॅमचं विमान ताशी ७२ किलोमीटरने फिरलं तर हाताला साधारण २ किलोची ओढ येते आणि एक फेरी ५ सेकंदांची होते. चौदा वर्षांच्या मुलाला हे झेपतं. तेच विमान .४६ लावून १०५० ग्रॅमचं करा आणि ताशी १०० किलोमीटरने फिरवा. ओढ पाच किलोच्या वर जाते आणि फेरी ३.६ सेकंदांत संपते. नवशिका माणूस तिसऱ्या फेरीला गरगरतो. तो गरगरला की हात खाली येतो, आणि हात खाली आला की विमान जमिनीत.

दुसरं असं की कंट्रोल लाइनमध्ये इंजिन कमी-जास्त करायचं नसतं. सोडलं की टाकी संपेपर्यंत एकाच सुईवर, म्हणजे इंधन किती जावं ते ठरवणाऱ्या स्क्रूच्या एकाच जागेवर, चालायचं. म्हणून इथे सर्वात जास्त ताकदीचं इंजिन शोधू नका. पहिल्या फेरीला जसं वाजत होतं तसंच चाळिसाव्या फेरीलाही वाजेल, ते शोधा. रेडिओवाले ताकद पाहतात. आपण आवाज पाहायचा.

या आवाजाबद्दल थोडं बोलतोच, कारण सगळं त्यात आहे. अमेरिकेत फॉक्स ३५ नावाचं इंजिन १९४०च्या दशकाच्या अखेरीस आलं आणि कसरतीच्या उड्डाणांत कित्येक वर्षं तेच चाललं. त्याची खुबी अशी, की सुई थोडी सैल ठेवून मिश्रण श्रीमंत केलं, म्हणजे हवेत इंधन जास्त ठेवलं, की सरळ उडताना ते एक ठोका सोडून एक पेटतं. आवाज जाड, घोगरा, भरलेला. विमानाने नाक वर केलं, इंजिनावर भार आला, की मिश्रण आपसूक थोडं पातळ होतं आणि तेच इंजिन प्रत्येक ठोक्याला पेटायला लागतं. आवाज एकदम तीक्ष्ण होतो, जोर येतो. लूप संपून विमान पुन्हा सपाट आलं की परत घोगरा. याला चार-दोन-चार म्हणतात. डोळे मिटून मैदानाच्या कडेला उभे राहा, विमान कुठे वर गेलं आणि कुठे सपाट आलं ते नुसत्या कानांनी सांगता येतं.

.२५ एलएचा स्वभाव वेगळा. ते चार-दोन-चार करत बसत नाही. कमी पिचचा (एका फेरीत कमी पुढे सरकणारा) पंखा लावून, ९ बाय ४चा, म्हणजे ९ इंच व्यासाचा आणि ४ इंच पिचचा, किंचित ओल्या दोन ठोक्यांवर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला पेटत पण इंधन जरा जास्त ठेवून, एकसारखं चालतं. मिनिटाला साधारण ११,५०० फेऱ्यांवर ४ इंच पिचचा हिशोब केला तर ताशी ७० किलोमीटर येतात, म्हणजे वर सांगितलेला वेगच. चढताना ते ढेपाळत नाही आणि उतरताना धावत सुटत नाही. नवशिक्यासाठी मी तर हेच सांगेन. ही मालिका आता बनत नाही, त्यामुळे चालून आलेलं सोडू नका. जाम आहे म्हणता, ते बहुतेक एरंडेलाने धरलंय. सुटतं. त्यावर उद्या लिहितो, आता उशीर झाला.

---

वर्धेचा_वारा
रविवार, सकाळी ७:१०

काका, ते वजन आणि वेगाचं गणित कोणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. मी ३५० चौरस इंचावर .४० लावून बसलो होतो आणि विमान हाताबाहेर का जाते ते आत्ता कळून राहिलं. वाचतोय, लिहा पुढे.

---

डिझेलचा_वास
रविवार, सकाळी ९:३०

मामांच्या डिझेलला कोणी विचारतच नाही, म्हणून मी लिहितो.

२.५ सीसीचं डिझेल हे शिकायला फार गुणी इंजिन आहे. प्लग नाही, प्लगला लागणारी दीड व्होल्टची बॅटरी नाही. वर एक दाबाचा स्क्रू असतो. तो आत-बाहेर करून पेटण्याची वेळ जुळवायची आणि सुईने इंधन. दोनच गोष्टी. मोठा पंखा कमी फेऱ्यांवर ओढतं, तेल कमी पितं. एकदा त्या स्क्रूची जागा सापडली की थंडीत दुसऱ्या-तिसऱ्या फ्लिपला, म्हणजे पंख्याला दिलेल्या झटक्याला, सुरू.

पण नागपुरात डिझेलचं एक दुखणं आहे, ते लपवत नाही. याचं इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण एक-एक तृतीयांश, वर दीड-दोन टक्के ज्वलन सुधारणारं नायट्रेट. यातलं ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला जातो. म्हणजे झाकण उघडलं की ईथर आधी उडून जातं, मागे राहतं रॉकेल आणि एरंडेल, आणि माणूस तासभर फ्लिपा मारत इंजिनालाच दोष देतो. मी दोन उन्हाळे हेच केलं. इंजिन ठणठणीत होतं, बाटली म्हातारी झाली होती.

आणि कृपा करून हे इंधन घरातल्या फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या आत स्विचची ठिणगी पडते आणि ईथरची वाफ तेवढ्यावरही पेटते. गडद बाटली, घट्ट झाकण, घराबाहेरची सावलीची जागा. लागेल तेवढंच मिसळायचं. शिवाय ईथर मिळवणं हीच मुळात खटपट आहे, दुकानात जाऊन मागितलं आणि मिळालं असं होत नाही.

३६० चौरस इंचाला २.५ सीसी डिझेल थोडं कमी पडेल हेही मान्य. ताशी ६० किलोमीटर मिळाले तर १६ मीटरच्या तारेवर ओढ सव्वा किलोच्या आसपास राहते. वारा आला की तारा सैल पडतील. तार १४ मीटरची करा म्हणजे जमेल. नाहीतर ते डिझेल जपून ठेवा आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच्यासाठी २५० चौरस इंचाचं छोटं विमान बांधा. कपाटात मात्र परत ठेवू नका.

---

वायरमन_धरमपेठ
रविवार, सकाळी ११:०५

तुमचा मुलगा बरोबर सांगून राहिला. मोटर लावा.

मी चार वर्षांपासून बॅटरीवरच उडवतो. ब्रशलेस मोटर, तिचा स्पीड कंट्रोलर गव्हर्नर मोडवर, आणि एक छोटा टायमर. टायमर ठरलेल्या वेळी मोटर बंद करतो. गव्हर्नर मोडमध्ये चढताना भार आला तरी फेऱ्या तेवढ्याच राहतात. काका ज्याला एकसारखं चालणं म्हणतात ते इथे कंट्रोलरच करतो. तेल नाही, सुई नाही, पंखांवर चिकटा नाही, कपडे खराब नाहीत. जगभर कसरतीच्या स्पर्धांमध्येही आता मोटरवाले भरपूर आहेत. आणि शेजारी आवाजाची तक्रार करत नाहीत, हे शहरात लहान नाही.

४ सीसीच्या जागी ३ सेलची, २२०० एमएएचची बॅटरी पुरेल. फक्त बॅटरीचं वजन पुढे येतं, म्हणून गुरुत्वमध्य आधी कागदावर काढा.

उन्हाळ्याची एक सूचना मोटरवाल्यांसाठीही आहे. उडून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि बॅटऱ्या बंद गाडीत ठेवून चहाला जायचं नाही. नागपूरच्या दुपारी गाडीच्या आत जे होतं ते लिथियमला सोसत नाही. फुगलेली बॅटरी दिसली तर ती संपली असं समजा.

---

रेशीमबाग_मुक्काम
रविवार, दुपारी ३:२०

वायरमनभाऊंचं म्हणणं मी खोडत नाही. मोटर एकसारखी चालते, शंभर टक्के. मैदानाशेजारी दवाखाना किंवा शाळा असेल तर मोटरच लावावी. पण यांचं विमान इंजिनासाठी बांधलेलं आहे, नाकात बेअरर घातलेले आहेत, आणि .२५ फुकट मिळतंय. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोराला सुई फिरवून आवाज बदलताना ऐकू द्यावा असं मला मनापासून वाटतं. हवा, तेल आणि उष्णता यांचं नातं त्याला पुस्तकातून जे कळणार नाही ते एका सकाळीत कळेल.

हवेवरून आठवलं. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास आहे. त्यात ४५ अंश तापमान धरलं तर हवा, समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १२-१३ टक्के विरळ होते. इंजिनाला तेवढी हवा कमी, पंख्यालाही कमी आणि विमानाच्या पंखालाही कमी. म्हणून जानेवारीत जुळवलेली सुई मे महिन्यात तशीच ठेवली तर मिश्रण श्रीमंत होतं, किंचित बंद करावी लागते. पण किंचितच. उन्हाळ्यात गार होणंही कमी झालेलं असतं. चांगली वाजते म्हणून पातळ करत गेलात तर इंजिन तिसऱ्या मिनिटाला भाजेल. उन्हाळ्यात आम्ही आठच्या आत सगळं आवरतो.

जाम इंजिन सोडवायचं असं. जोर लावायचा नाही. पंख्याला पाना लावून फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, मग ते इंजिन गेलं. प्लग काढा, मागचं झाकण काढा, रबराचे आणि प्लास्टिकचे भाग वेगळे ठेवा. हेअर ड्रायर पुरत नाही, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असते ती हॉट एअर गन आणा. सिलिंडर सगळ्या बाजूंनी गरम करा. हाताला मोजा वापरा. गरम झालं की आतला एरंडेलाचा थर, वार्निशसारखा तपकिरी झालेला, मऊ पडतो. मग पंख्याचा नट लावून हाताने हलकेच पुढे-मागे. पहिल्यांदा केसभर हलेल. थांबा, पुन्हा गरम करा. एकदा सुटलं की पातळ तेलाने धुवा.

मग दाब तपासा. पंखा हळू फिरवताना पिस्टन वर येतो तिथे अडल्यासारखं झालं पाहिजे आणि पार झाला की सुटला पाहिजे. गुळगुळीत, काहीच न अडता फिरलं तर सिलिंडर झिजलंय. प्लगच्या भोकाचे आटे पाहा, आणि ज्या कानांना बोल्ट लागतात तिथे बारीक तडा आहे का ते भिंगाने पाहा.

एलए साध्या बुशवर चालतं, बॉल बेअरिंग नाही. पुष्कळ लोक ते कमीपणाचं समजतात. आपल्या पावसाळ्यात मला ते सोयीचं वाटतं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, नायट्रोमिथेनचं आम्ल आत राहतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये न वापरलेल्या बॉल बेअरिंगला गंज धरतो. दिवाळीला पंखा फिरवला की खरखर हाताला लागते. बुशला गंजायला गोळ्याच नाहीत. तरी शेवटच्या उड्डाणानंतर टाकी रिकामी करून, इंजिन कोरडं चालवून, दोन थेंब तेल आत सोडायचंच.

---

इतवारीकर
रविवार, सायंकाळी ६:४५

इंधनाचं काय? नायट्रो किती? मी १५ टक्केवालं वापरतो, सुरू पटकन होतं.

---

रेशीमबाग_मुक्काम
रविवार, सायंकाळी ७:३०

१५ लागत नाही, इतवारीकर. .२५साठी ५ टक्के नायट्रो पुष्कळ झालं. तेल मात्र कमी करू नका. मी स्वतः ५ टक्के नायट्रो, २२ टक्के तेल आणि बाकी ७३ टक्के मिथेनॉल ठेवतो. तेलातलं निम्मं एरंडेल, निम्मं कृत्रिम. निव्वळ कृत्रिम तेल स्वच्छ असतं पण जास्त तापलं की जळून जातं. एरंडेल तापल्यावरही धातूवर चिकटून राहतं, आपल्या उन्हात त्याचाच आधार आहे. एरंडेल घेताना वास किंवा रंग घातलेलं नको, शुद्ध पाहिजे. फॉक्स ३५सारख्या लोखंडी पिस्टनच्या जुन्या इंजिनांना तर २८-२९ टक्क्यांपर्यंत तेल लागतं, तेही बहुतेक सगळं एरंडेल.

मिथेनॉल विषारी आहे. तोंडाने नळी ओढून टाकी भरायची नाही, हातावर सांडलं की धुवायचं. आणि त्याची ज्योत भर उन्हात दिसत नाही. इंजिनाजवळ हवा हललेली दिसली आणि हात भाजला, तेव्हाच कळतं की पेटलंय. ओलं जाड फडकं जवळ ठेवायचंच.

---

कॅडेट_ताई
रविवार, रात्री ९:१५

मीही एअर विंगची. आमच्या शिबिरांत कंट्रोल लाइनचं एरोमॉडेलिंग असायचं, त्यामुळे धागा पाहून फार छान वाटलं. इंजिन ठरलंच आहे असं धरून टाकीचं लिहिते, कारण निम्म्या लोकांना इंजिन नाही, टाकी दगा देते.

विमान गोल फिरतं म्हणजे इंधन सतत बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. म्हणून टाकीतून इंधन घेणारी नळी आतून बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात टेकलेली पाहिजे. ती मध्यावर असली तर टाकी अर्धी असतानाच इंजिन उपाशी पडतं, आणि ते नेमकं विमान वर असताना. टाकीची उंची सुईच्या रेषेत ठेवा. पक्की चिकटवू नका, खाली-वर सरकवता येईल अशी बांधा. प्रोफाइल विमानाचं नाक थरथरतं, त्याने इंधनाला फेस येतो आणि इंजिन मध्येच पातळ होतं. टाकीखाली स्पंजची पातळ पट्टी घाला. बेअरर कठीण, सरळ रेषांच्या लाकडाचे असू द्या आणि नाकाला दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवूड लावा. इंजिनाचं तोंड दोनेक अंश बाहेरच्या बाजूला वळवा, बाहेरच्या पंखटोकात १५-२० ग्रॅम वजन ठेवा, म्हणजे तारा ताठ राहतील.

उडवण्याआधी प्रत्येक वेळी ओढ-तपासणी. विमानाच्या वजनाच्या दहापट. तुमचं ८०० ग्रॅम, म्हणजे ८ किलो. एकाने विमान धरायचं, दुसऱ्याने हँडलला हुकाचा काटा लावून ओढायचं. तारा, बेलक्रँक (तारा जिला जोडतात ती विमानातली तरफ), त्याचा बोल्ट, सगळं त्या आठ किलोत कळतं. आमच्या एका शिबिरात ही तपासणी घाईत राहिली. बेलक्रँकचा बोल्ट सुटला आणि विमान तारांशिवाय सरळ निघून गेलं. सुदैवाने समोर कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मी ओढल्याशिवाय कोणाच्याही विमानाला हात लावत नाही. हँडलचा पट्टा मनगटात असलाच पाहिजे.

आणि जागा. तारा पोलादाच्या आहेत. कोराडीकडून शहराभोवती उच्चदाबाच्या वाहिन्या कुठून कुठे गेल्या आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. वर वीजवाहिनी असलेल्या किंवा जवळून जाणाऱ्या मैदानावर कंट्रोल लाइन उडवायचीच नाही, कितीही मोकळं दिसलं तरी. ढग गडगडले की तारा गुंडाळायच्या.

---

उडती_दोरी
सोमवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. .२५ एलए घरी आणलं आहे. मैदान पुन्हा जाऊन पाहिलं. पश्चिमेच्या कोपऱ्यावरून वाहिनी जाते. त्यामुळे ती जागा रद्द. दुसरी पाहतो.

एक शंका: त्यावर रेडिओवालं, थ्रॉटलचं कार्ब्युरेटर आहे. ते तसंच ठेवून पूर्ण उघडं बांधलं तर चालेल का?

---

रेशीमबाग_मुक्काम
सोमवार, रात्री १०:५०

चालतं, पण तोंड मोठं असल्याने इंधन ओढण्याची शक्ती कमी राहते. सायलेन्सरवरून टाकीला दाबाची नळी द्यावी लागेल. साधी व्हेंचुरी (थ्रॉटल नसलेली हवेची अरुंद नळी) आणि सुई लावली तर तोंड अरुंद होतं, इंधनाची ओढ वाढते, इंजिनाच्या मिनिटाला शंभर-दोनशे फेऱ्या कमी होतील पण चाल पक्की. माझ्याकडे एक जास्तीची आहे. मी आणून देतो, विकत घेऊ नका.

---

उडती_दोरी
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १२:१५

आज उडालं.

क्रमाने सांगतो. इंजिन सोडवायला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी तीनदा गरम केलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा नट धरून बसला होता आणि मी गरम करत होतो. स्वयंपाकघरभर एरंडेलाचा गोडसर करपट वास. पाचव्यांदा गरम केल्यावर तो म्हणाला, बाबा, हललं. मला दिसलंही नाही, त्याच्या बोटांना कळलं. मग थोडं-थोडं करत पूर्ण फेरी झाली. धुतल्यावर सिलिंडरच्या बाजूने मधासारखा तपकिरी थर निघाला. खाली धातू चकचकीत होता. दाब उत्तम.

रेशीमबागच्या काकांनी दुसरी जागा दाखवली, व्हेंचुरी दिली आणि आज स्वतः आले. सकाळी साडेसहाला पोचलो. गवतावर दव होतं. तारा पसरल्या की दव त्यांच्यावर बसतं आणि दोन तारा एकमेकींना चिकटतात, म्हणून काकांनी कोरड्या फडक्यातून त्या पूर्ण लांबीभर ओढून घेतल्या. मग ८ किलोची ओढ. दोनदा केली.

टाकी ६० मिलीचीच ठेवली. काठीने फ्लिप मारायचं ठरलं होतं, बोटाने नाही. चौथ्या फ्लिपला पकडलं. सुई खूप उघडी होती, तपकिरी धूर आणि जाड घुरघुर. काकांनी मुलाचा हात मागच्या बाजूने सुईवर ठेवला आणि एक-एक टिक बंद करायला लावलं. सातव्या-आठव्या टिकला आवाज पालटला. एकदम सलग, ताणलेला. काका म्हणाले, आता दोन टिक परत उघड. त्याने उघडल्या.

पहिलं उड्डाण काकांनी केलं. सरळ उडताना फेरी ५.२ सेकंदांची. मग त्यांनी विमान उलटं करून दाखवलं. उलटं असताना ४.९. ते उतरताच म्हणाले, उलट्यात पातळ होतंय, टाकी वर आहे. दोन-अडीच मिलिमीटर खाली घेतली. पुढच्या उड्डाणात दोन्हीकडे ५.१. कॅडेट_ताई, टाकी सरकती ठेवायला सांगितलं नसतं तर आज तिथेच अडलो असतो.

तिसऱ्या उड्डाणाला मुलगा मध्ये उभा राहिला. मागून काका त्याचं मनगट धरून. नवव्या-दहाव्या फेरीला त्यांनी हात सोडला, त्याला कळलंही नाही. साधारण तीस फेऱ्या त्याने एकट्याने घेतल्या, कमरेच्या उंचीपासून डोक्याच्या वरपर्यंत. इंधन संपलं, आवाज थांबला आणि नुसती तारांची शीळ राहिली. विमान आपोआप खाली आलं. चाक दगडाला लागून पंखा मोडला, बाकी काही नाही.

९ बाय ४चे आणखी पंखे कुठे मिळतील? एकच उरला आहे.

---

डिझेलचा_वास
रविवार, दुपारी १:०५

वाचून फार आनंद झाला. लाकडी ९ बाय ४चे दोन माझ्याकडे आहेत, घेऊन जा. लावण्याआधी मधल्या भोकावर तोलून बघा, जड बाजू हलकी घासा. नाहीतर तुमच्या प्रोफाइल नाकात पुन्हा फेस होईल.

---

वायरमन_धरमपेठ
रविवार, दुपारी २:४०

अभिनंदन भाऊ. मुलाला सांगा, पुढच्या रविवारी मी माझं मोटरवालं आणतो. दोन्ही उडवून पाहू दे, त्याचं त्याला ठरवू दे.

---

कॅडेट_ताई
रविवार, दुपारी ४:००

मीही येते. मोडलेला पंखा कुठे मोडला ते पाहून ठेवा. बुंध्याशी मोडला असेल तर क्रँकशाफ्ट सरळ आहे का ते तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. स्पिनरचं (पंख्यापुढच्या टोपीचं) टोक फिरवताना डुगडुगतं का, एवढं बघितलं तरी कळतं.

---

उडती_दोरी
रविवार, दुपारी ४:२५

टोकाकडून मोडलाय, बुंधा शाबूत. शाफ्ट आत्ता फिरवून पाहिला, सरळ आहे. रविवारी साडेसहाला तिथेच. तारा पुसायचं फडकं मी आणतो.